कंदील विझवा, हजेरी घ्या

माझ्या आत्याला भूत केलं.

कुणी केलं? सदाशिव पेठेनं नाय केलं. बांद्र्याच्या प्रोड्यूसरनंही नाय केलं. आपल्याच पोरांनी केलं. म्हणून हे लिहितोय. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. आपल्या माणसाला शिवी देऊन भागत नाय. त्याच्याशी भांडावं लागतं, समोर बसवून, नीट.

तर दोस्तहो, घटना अशी. आमच्या वस्तीतली सहा पोरं-पोरी कॉलेजात मास मीडिया शिकतात. शेवटच्या वर्षाला प्रत्येक ग्रुपनं बारा मिनिटांची फिल्म करायची असते. ह्यांनी थ्रिलर धरला. पाचगणीच्या एका बोर्डिंगमधून रात्रीत एक पोरगा नाहीसा होतो. सकाळच्या हजेरीत त्याचं नावच पुकारलं जात नाय, जसा काय तो कधी नव्हताच. फिल्मचं नाव 'गैरहजर'. गोष्ट चांगली आहे, मी पहिल्यांदाच सांगितलं.

पाचगणी का? कारण तिथं माझी आत्या राहते. तीस वर्षं एका बोर्डिंगच्या धोबीघरात कपडे धुते. म्हणजे राहायला फुकट, जेवायला फुकट. आणि मी का? मी गोदीत बोजे उचलतो आणि कविता लिहितो. "तुला शब्दांचं कळतं, टायटल तू बघ," म्हणाले. टायटल म्हणजे पिच्चर सुरू होताना जी नावं पडतात ते. दोन खाडे टाकले, दोन दिवसांचा रोज बुडवला आणि एसटीत बसलो. वाईवरून पसरणीच्या घाटानं वर. खाली धोमचं पाणी, वर धुकं. पोरं खिडकीतनंच शूटिंग करायला लागली.

पहिल्या दिवशी काय काय टिपलं ते सांगतो. टेबललँडवरचं धुकं. सिल्व्हर ओकची ओळ. बांधलेला घोडा, त्याचा एक डोळा. कावळा. गंजलेलं फाटक. सगळं टिपून झालं तरी दिग्दर्शक पोरग्याला समाधान नव्हतं. "भीती येत नाय रे," म्हणाला. संध्याकाळी आत्या कामावरनं आली. हात पाण्यानं पांढरेफटक पडलेले, तोंड सुकलेलं. दिग्दर्शक तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "फेस भारी आहे."

झालं. आत्याचे केस सोडले. पांढरी साडी नेसवली. हातात कंदील दिला. आत्याच्या घरात एलईडीचा दिवा आहे हो! कंदील वाईच्या बाजारातनं विकत आणावा लागला. धुक्यात तिला उभी केली आणि सांगितलं, कॅमेऱ्याकडे रोखून बघा, पापणी लववू नका. तीस सेकंदांचं टायटल तयार. शेवटी तिचा चेहरा, त्यावर नेटवरनं उतरवलेली व्हायोलिनची किंकाळी आणि रक्त ठिबकणारी अक्षरं: गैरहजर.

रात्री मोबाइलवर आत्याला दाखवलं. ती हसली. मग चेहरा जवळ नेऊन पुन्हा बघितलं आणि विचारलं, "ह्यात म्या जित्ती हाय का मेल्याली?"

कुणी उत्तर दिलं नाय. हे लिखाण त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

भीती कुणाची दाखवायची, हा साधा प्रश्न नाय. ह्या देशाच्या सस्पेन्स पिच्चरनं तो कधीच सोडवून टाकलाय. मालक वाड्यात राहतो, आणि वाड्याला भीती असते बाहेरच्या माणसाची: चौकीदाराची, मोलकरणीची, माळ्याची, गावाबाहेरच्या म्हातारीची. १९४९ चा 'महल' बघा. कमाल अमरोहींचा, मधुबालेचा. हवेलीत जी बाई भूत म्हणून फिरते ती शेवटी निघते कोण? माळ्याची पोरगी. सत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला आणि आपली पोरं पाचगणीला जाऊन तेच करतात. धोबीण दिसली की कंदील दे तिच्या हातात! ज्यांना गावानं शतकानुशतकं अंधारात ठेवलं त्यांच्याच तोंडावर उजेड मारून प्रेक्षकाला दचकवायचं. अरे, तो प्रेक्षक आधीच तिला बघून दचकतो. वाटेत ती आडवी आली तर त्याला विटाळ व्हायचा. तुम्ही त्याला नवीन काय दिलंत? त्याचीच घाण त्याला परत दिलीत, वर बॅकग्राउंड म्युझिक लावून.

दिग्दर्शक पोरगा म्हणाला, "तू उगाच जात आणतोस. टायटल ही टेक्निकल गोष्ट आहे." बरं बाबा, टेक्निकल तर टेक्निकल. मी मॅट्रिक आहे, पण डोळे आहेत आणि मोबाइल माझ्याकडेही आहे. बघितलं मी, जगात टायटल कसं करतात ते.

सॉल बास नावाचा एक माणूस होता अमेरिकेत. १९६० चा हिचकॉकचा 'सायको' काढा. टायटलमध्ये काय आहे? धुकं नाय, घुबड नाय, रक्त नाय. नुसत्या आडव्या-उभ्या पट्ट्या. त्या येतात, नावं चिरतात, जोडतात, परत फाडतात. खाली बर्नार्ड हरमनचं संगीत, नुसती तारेची वाद्यं. पडद्यावर नावांशिवाय काही नाय आणि तरी घशाला कोरड पडते. का? कारण नावाचे दोन तुकडे होताना तुम्ही बघता. माणूस फाटणार हे नाव फाटताना कळतं.

दुसरा, १९९५ चा 'सेव्हन'. टायटल काइल कूपरचं. खुनी दिसतच नाय, नुसती बोटं दिसतात. बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून ब्लेडनं कातडी सोलणारी बोटं. वह्या शिवणारी सुई. हातानं खरवडलेली अक्षरं. आणि मेख ऐका: ज्या नटानं खुनी केलाय, त्या केव्हिन स्पेसीचं नाव सुरुवातीच्या टायटलमध्ये टाकलेलंच नाय. नाव वाचलं की प्रेक्षक त्याची वाट बघत बसेल म्हणून. म्हणजे दोस्तहो, नाव टाकायचं की झाकायचं ह्यावर अख्ख्या पिच्चरचा सस्पेन्स उभा राहतो. हे मी नाय म्हणत, हॉलिवूड म्हणतं.

आता मला सांगा, नाव झाकण्याचा आणि नाव उघडं पडण्याचा धंदा आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक आहे?

हिचकॉक म्हणायचा, टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी माहीत असलं पाहिजे. टेबलावर माणसं गप्पा मारतात आणि प्रेक्षक घामाघूम होतो. तो सस्पेन्स. नुसता धडाम झाला तर ते दचकवणं. तुमचा कंदील म्हणजे धडाम आहे. आणि बॉम्ब? तो आपल्या प्रत्येकाच्या नावाच्या शेपटाला बांधलाय. त्याला आडनाव म्हणतात. नवीन ऑफिस, नवीन होस्टेल, भाड्याची खोली. सगळं गोड चाललेलं असतं. चहा येतो. "नाव काय?" सांगतो. हसून विचारतात, "पूर्ण नाव?" त्या दोन शब्दांच्या आणि आपल्या उत्तराच्या मधली जी दोन सेकंद आहेत ना, तेवढी दोन सेकंद कुणी पडद्यावर आणून दाखवावी. हॉलिवूडच्या बापाला जमणार नाय.

गोदीच्या गेटवर सकाळी सातला या. आम्ही कंत्राटी. मुकादमाच्या हातात कागद. तो नावं पुकारतो. ज्याचं पुकारलं तो आत, ज्याचं नाय त्यानं डबा तसाच परत घरी न्यायचा. शंभर माणसं उभी असतात आणि आवाज फक्त कागदाचा. माझ्या बापाच्या वयाची माणसं मान पुढं काढून ऐकतात, शाळेतल्या पोरासारखी. तिथं कुणी व्हायोलिन वाजवत नाय. गरज नसते.

पाचगणीला गेलात ना? मग सातारा जिल्ह्यातच होतात. ह्या जिल्ह्यातला सगळ्यांत मोठा थ्रिलर तुम्हाला ठाऊक नाय, की ठाऊक असून तुम्ही तो फक्त जयंतीच्या भाषणात ऐकता? १९०१ साल. साताऱ्याहून चार पोरं रेल्वेनं निघतात. एक भिवा, एक त्याचा भाऊ, दोन भाचे. खटाव तालुक्यात नोकरीला असलेल्या बापाला भेटायला. अंगावर नवे कपडे. मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कुणी आलेलं नाय. संध्याकाळ होत चाललीय, फलाट रिकामा. स्टेशनमास्तर येतो, मायेनं चौकशी करतो. कपडे बघून त्याला वाटतं ब्राह्मणांची पोरं. आणि मग तो विचारतो, कोण तुम्ही?

थांबा. इथंच थांबा. ही जागा बघा.

पोरगा न विचार करता बोलून जातो: महार. मास्तरचा चेहरा बदलतो. तो मागं सरतो आणि खोलीत निघून जातो. पुढं एकही गाडीवाला न्यायला तयार नाय. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण अट अशी की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. रात्र, अनोळखी रस्ता, जवळ डबा आहे पण प्यायला पाणी नाय, म्हणून जेवण नाय. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यात भूत नाय, खून नाय, घुबड नाय. एका प्रश्नाच्या आधी पोरं माणसं होती, प्रश्नानंतर नव्हती. ह्याला म्हणतात टर्न.

आणि त्याच साताऱ्यात, आज ज्याला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात त्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ नंबरला भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे. दाखल तारीख ७ नोव्हेंबर १९००. म्हणून तर २०१७ पासून महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस असतो. रजिस्टरातली एक ओळ. एक नंबर, एक नाव. त्या ओळीनं पुढं देशाची घटना लिहिली. आणि तुम्ही सातारा जिल्ह्यात जाऊन घोड्याचा डोळा टिपलात!

पाचगणीचीसुद्धा नावाची गोष्ट आहे. फरोख बल्सारा नावाचा पारशी पोरगा, जन्म झांझिबारचा, १९४६ चा. इथल्या सेंट पीटर्स बोर्डिंगात वाढला, इथंच 'हेक्टिक्स' नावाचा बँड केला, इथंच फ्रेडी झाला. पुढं आडनावही बदललं आणि फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगानं डोक्यावर घेतला. चांगलं झालं. त्याला माझा सलाम. पण आपल्यातल्या कुणी आडनाव बदललं की जग टाळ्या वाजवत नाय. जग बाजूला घेऊन हळूच विचारतं, "मूळचे कुठले?" त्याचं नवं नाव स्टेज झालं, आपलं नवं नाव बुरखा. कधी सरकेल ह्याची वाट बघणारा बुरखा.

आता दोन आक्षेप. दोन्ही मला तोंडावर ऐकवलेत.

पहिला त्यांच्या कॉलेजातल्या सरांचा. सर म्हणाले, टायटलमध्ये आडनावं टाकूच नका, नुसती पहिली नावं टाका, मॉडर्न वाटतं, आणि फिल्मवर शिक्का बसत नाय. वा सर! तुमचं आडनाव तुमच्या केबिनच्या पाटीवर पितळेत आहे. ते मॉडर्न वाटत नाय का? शिक्का आमच्या आडनावानं बसत नाय, शिक्का मारणाऱ्या हातानं बसतो. आम्ही लपलो म्हणून तो हात मोडत नाय.

दुसरा आक्षेप आपल्याच एका कार्यकर्त्याचा. म्हणाला, थ्रिलर ही भांडवलदारी करमणूक, चळवळीच्या पोरांनी डॉक्युमेंटरी करावी. हेही पटत नाय. आपण फक्त रडावं आणि पुरावे द्यावेत, थरार मात्र त्यांचा? नागराज मंजुळेनं 'फँड्री' केला २०१३ साली. जब्या आणि त्याचं घर शाळेशेजारी डुकरामागं धावतंय आणि शालू बघेल का, बघेल का, म्हणून आपला जीव मुठीत. मग राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं घर जागच्या जागी उभं, समोर डुक्कर. हा सस्पेन्स नाय तर काय? टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला माहीत आहे आणि त्याला हलता येत नाय. थ्रिलर सोडायचा नाय, भाऊ. थ्रिलर ताब्यात घ्यायचा.

मग टायटल काय करायचं? टीका करून पळून जाणारा मी नाय. दुसऱ्या रात्री काय झालं ते ऐका.

आत्या जेवण करून सुई-दोरा घेऊन बसली. समोर पांढऱ्या सदऱ्यांचा ढीग. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "नवीन पोरं आल्याती. नंबर टाकायचं." बोर्डिंगच्या प्रत्येक पोराला नंबर असतो. आत्या तो लाल दोऱ्यानं कॉलरच्या आत टाकते, म्हणजे धुण्यात कपडे मिसळत नायत. "अक्षरं येत न्हाईत मला," म्हणाली, "आकडं येत्यात. तीस वरसाची पोरं आकड्यानं वळखते." आणि मग सहज, दोरा दातानं तोडता तोडता, सांगितलं: "एका सालाला एका पोराचा सदरा ऱ्हायला. न्ह्यायाला कोन आलंच न्हाई. फी थकली म्हनं, धाडला घरी. मला सांगितलं, नंबर उसव, सदरा दुसऱ्याला दे. म्या उसवला. पर दोरा काढला तरी भोकं ऱ्हात्यात रं. धुतलं तरी जात न्हाईत."

खोलीत कुणी हललं नाय. दिग्दर्शक पोरग्याचा मोबाइल खाली गेला. पोरांनो, हे तुमचं टायटल. दोन दिवस धुक्यात शोधत होता ते.

लिहून देतो. तंबूत लावा किंवा फाडून टाका.

पडदा काळा. आधी आवाज. सुई कापडातनं जाते तो टच् आवाज. मोबाइल कापडाला चिकटवून, खोली बंद करून, वर गोधडी घेऊन रेकॉर्ड करा, पैसा लागत नाय. नेटवरची किंकाळी काढून टाका. मग कॉलर, अगदी जवळनं, खिडकीच्या उजेडात. लाल नंबर. लांबनं पोराचा आवाज, "हजर". नंबराशेजारी नाव, लाल दोऱ्यातच. नुसतं पहिलं नाव. दोन सेकंद थांबा. मोजून दोन. मग आडनाव.

ही दोन सेकंद सगळ्यात महत्त्वाची. अंधारात बसलेला प्रेक्षक आडनावाची वाट बघतो. बघतोच! त्याला कुणी सांगितलं नाय तरी बघतो. एकदा, दोनदा, पाचव्यांदा त्याला स्वतःला कळतं की आपण कशाची वाट बघतोय. तिथं तो पकडला जातो. भीती पडद्यावर नाय, त्याच्या खुर्चीत आहे. सर म्हणाले आडनाव काढा. मी म्हणतो काढू नका. रोखून धरा आणि मग छातीठोक टाका.

अकरा नावं आहेत. प्रत्येकाला पाच सेकंद, झाली पंचावन्न. बाराव्या कॉलरवर नंबर आहे पण "हजर" येत नाय. टाका पुन्हा हजेरी. पुन्हा शांतता. टच् आवाजही बंद. मग दोन बोटं येतात, पाण्यानं सुरकुतलेली, आणि दोरा उसवायला लागतात. एक एक टाका. सगळा लाल दोरा निघून जातो. पांढरं कापड राहतं आणि त्यात भोकं. उजेड मागनं लावा, म्हणजे भोकं दिसतील. नीट बघितलं की भोकांचीच अक्षरं होतात: गैरहजर. एवढ्याला वीस सेकंद. सगळं मिळून सव्वा मिनिट. कंदील नाय, रक्त नाय, घोडा नाय.

आत्याचा चेहराही नाय. तिचे हात. ते कुणाला घाबरवायला नायत. अख्ख्या फिल्ममध्ये खरं काय झालं हे फक्त त्या हातांना माहीत आहे. काल ती भूत होती, आज ती साक्षीदार आहे. फरक कळतो का? भुताला बघून लोक पळतात. साक्षीदाराला बघून गुन्हेगार पळतो.

आणि शेवटची अट. ह्यावर तडजोड नाय. अकरा नावांत एक नाव आत्याचं. शेवटी 'विशेष आभार' म्हणून, पंचवीस नावांच्या गर्दीत, मुंगीच्या अक्षरात, भरधाव वर पळणाऱ्या पट्टीत नाय. लायटी उचलणारे, चहा देणारे, ओझं वाहणारे ह्यांची नावं पडतात तेव्हा थिएटरात दिवे लागलेले असतात आणि लोक चपला शोधत असतात. आमच्या मुकादमाच्या कागदासारखंच आहे ते: आमचं नाव कुणी ऐकत नाय. आत्याचं नाव सुरुवातीला, एकटं, पूर्ण पाच सेकंद. "हजर" हा आवाज तिथं तिचा स्वतःचा. तीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या पोरांची हजेरी शिवली. तिची हजेरी कुणी घेतली नाय.

तिचं नाव मी इथं छापत नाय. दोन सेकंद थांबलोय, असं समजा. ते पडद्यावर आलं पाहिजे.

पोरांनो, एडिटिंगला अजून वेळ आहे. कंदील विझवा. सदरा हातात घ्या. आणि आत्याला जाऊन सांगा, ह्यात तू जित्ती हायस.